खुर्द, बुद्रुक आणि माझी व्याजाची फाईल



ग्रुपवर सगळे जुन्या आठवणी लिहितात. मी आज अलीकडची लिहितोय, एका मार्चअखेरची. चूक माझीच आहे, म्हणून लिहायला जरा वेळ घेतला.

वडील नेपा मिलमध्ये होते. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेला, वर्तमानपत्राचा कागद बनवणारा देशातला पहिला कारखाना. मी बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि रिटायर होऊन परत नेपानगरलाच आलो. म्हणजे कागदाच्या गावात वाढलो आणि कागदाच्या लेजरवर पोट भरलं. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या नातीने व्हिडिओ कॉलवर पायथन शिकवलं आणि सत्तरीत हा नाद लागला.

माझ्याकडे दोन फंडांचे हिशोब असतात. एक आमच्या मित्रमंडळाचा, एक कॉलनीतल्या बायकांच्या बचत गटाचा. दोन्हीकडे व्याज वर्षाला १२ टक्केच. पण मित्रमंडळात ते मूळ रकमेवर सरळ लागतं, आणि बचत गटात घटत्या शिलकीवर. २० हजार कर्ज, १० महिने, दरमहा २ हजारांचा हप्ता धरा. सरळ व्याज २ हजार होतं. घटत्या शिलकीवर पहिल्या महिन्याला २००, मग १८०, असं उतरत एकूण ११०० होतं. फरक ९०० रुपयांचा.

दोन्ही फंडांसाठी मी वेगवेगळे फोल्डर केले, आणि दोन्हीत एकेक फाईल ठेवली. नाव एकच, व्याज डॉट पीवाय. फोल्डर वेगळे आहेत, मग काय बिघडणार? वर्षभर काही बिघडलंही नाही. मार्चअखेर दोन्हींचा एकत्र ताळेबंद काढायला तिसरा प्रोग्राम लिहिला आणि त्याला दोन्ही फोल्डरांचा रस्ता दाखवला. चालवला. एरर काही आली नाही. याद्या छापल्या, वाटल्या.

तिसऱ्या दिवशी बचत गटातल्या एक वहिनी घरी आल्या. त्यांचे मिस्टर मिलमध्ये होते, आता नाहीत. हप्ते फिटले होते, व्याज वर्षअखेरी एकरकमी द्यायचं होतं. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा हिशोब म्हणजे बरोबरच असेल. पण माझ्या वहीत ११०० येतात, तुमच्या यादीत २ हजार आहेत. माझंच कुठे चुकलं ते तेवढं दाखवा."

पैसे मात्र त्या पूर्ण २ हजार घेऊन आल्या होत्या.

वही बघितली. पेन्सिलीने एकाखाली एक दहा आकडे, खाली बेरीज. एक पैशाची चूक नाही. मंडळी, बँकेत एवढी वर्षं काढलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल, ते तुम्हीच समजा.

रात्री नातीला फोन लावला. ती म्हणाली, "आबा, पायथन एका नावाची फाईल एकदा वाचली की ती लक्षात ठेवतो. पुन्हा तेच नाव मागितलं की दुसरीकडे बघतच नाही, पहिलीच पुढे करतो." म्हणजे मित्रमंडळाचं व्याज आधी वाचलं गेलं आणि तेच बचत गटाला लागलं. एरर येणार तरी कशी? त्याच्या मते त्याने मागितलेलीच फाईल दिली होती.

मला एकदम खानदेशातली माझी पहिली शाखा आठवली. एकाच गावचे, एकाच नावाचे दोन पाटील. एकाच्या केळीचे पैसे मी दुसऱ्याच्या खात्याला जमा केले, आणि त्याने ते काढूनही नेले. तेव्हाचे मॅनेजर साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "नाव एकटं कधी लिहायचं नाही. आधी खाते नंबर, मग नाव, मग बापाचं नाव, मग गाव." पुढे मी कित्येक पोरांना हेच शिकवलं, आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर विसरलो.

आपल्या वाडवडिलांना हे केव्हाच कळलं होतं. जळगाव वेगळं, जळगाव जामोद वेगळं. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव हरेश्वर, पिंपळगाव राजा. आणि एकाच शिवारात दोन असली तर खुर्द आणि बुद्रुक. बँकेचा आयएफएससी कोड तरी काय? ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, मग शून्य, शेवटची सहा शाखेची.

नातीने सांगितलेला उपाय अगदी तोच निघाला. नुसतं 'व्याज' मागायचं नाही. वरच्या फोल्डरातून 'मित्रमंडळ डॉट व्याज' आणि 'बचतगट डॉट व्याज' असं पूर्ण नावाने मागायचं. स्वतःच्या फाईलला 'कॅलेंडर' वगैरे पायथनचंच नाव द्यायचं नाही, नाहीतर तो आपली फाईल त्याची समजून उचलतो. आणि दोन कामांना बाहेरच्या एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागत असतील, तर प्रत्येकाला वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं. त्याला व्हेन्व्ह म्हणतात, ही सोय पायथनमध्येच २०१२ पासून आहे.

दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. पण यादी सात जणींची चुकली होती आणि दोघींनी पैसे भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातही घरी गेलो, चूक सांगितली, दोघींचे पैसे परत केले. वहिनींकडे शेवटी गेलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, मला वाटलं मी गणित विसरले."

त्यांनी विचारलं नसतं तर? हा विचार अजून जात नाही. आता नियम केलाय. प्रोग्राम काहीही म्हणो, यादी वाटण्याआधी प्रत्येक फंडातलं एक खातं हाताने, कागदावर, पेन्सिलीने तपासायचं. आणि बचत गटातलं ते खातं वहिनी निवडतात.

तुमच्याकडेही नावांच्या अशा घोटाळ्यांचे किस्से असतील. जरूर लिहा.