सरावाची वही

साठी उलटलेल्या माणसाने काय करावे याविषयी आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही; पण पियानो शिकावा, असे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. मी तो शिकायला घेतला तो निव्वळ हौसेने. लहानपणी पेटी वाजवली होती, तेव्हा अर्धे काम झालेच आहे, अशी माझी समजूत. ती पहिल्याच दिवशी फिटली. माझ्या डाव्या हाताने पेटीवर भाता मारण्यापलीकडे कधी काही केले नव्हते. आता त्याला उजव्याच्या बरोबरीने, आणि शिवाय उजव्याहून निराळे, वाजवायचे होते. पट्टेवाल्याला एकाएकी हेडक्लार्कच्या खुर्चीत बसवावे, तशी त्याची गत झाली.

मग मी वही घातली. बँकेत 36 वर्षे काढलेला माणूस दुसरे काय करणार? तारीख, वेळ, मिनिटे. रोज 45 मिनिटे म्हणजे 45. महिनाभरात वही छान भरली आणि पियानोकडे जाताना पाय जड होऊ लागले. डोळे स्वरलिपीवर कमी आणि घड्याळावर अधिक. पियानो विजेवरचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कानांना हेडफोन. घरात ऐकू जाई ती नुसती पट्ट्यांची टकटक. ‘अहो, टायपिंगच्या परीक्षेला बसताय की काय?’ सौ.ने विचारले.

मी हसलो खरा. पण अशीच एक वही मी पूर्वीही घातली होती. मुलगी नऊ वर्षांची असताना पेटी शिकत होती. रोज अर्धा तास. समोर गजराचे घड्याळ, आणि तास भरला की वहीत माझी सही. एके दिवशी तिने पेटीचे झाकण लावले ते पुन्हा उघडलेच नाही. ‘तिला मुळात आवडच नव्हती,’ असे मी पुढे चारचौघांत सांगत असे.

माझ्या शिक्षिका मूळच्या गोव्याच्या. त्यांनी माझी वही चाळली, मिटली आणि एक छोटी मिन्युएट पुढे ठेवली. ‘हीसुद्धा वहीतलीच,’ म्हणाल्या. बाखच्या घरात 1725 साली आना माग्दालेना या त्याच्या पत्नीची एक वही होती, बरीचशी तिच्याच हस्ताक्षरातली. तीत नाचाचे तुकडे, गाणी, मुलाने पोरवयात केलेल्या रचना. मिनिटे कुठेच नाहीत. ही मिन्युएट कित्येक वर्षे बाखच्याच नावावर होती. 1970च्या दशकात ती ख्रिस्टियान पेट्झोल्डची ठरली. वहीत नाव घालायचे राहिले होते. बँकेत असे खपले नसते!

या मिन्युएटचे तीन-तीन मात्रांचे 32 खंड. बाईंनी सांगितले, रोज चारच घ्या, आणि तेही शेवटचे चार. उद्या त्यांच्या आधीचे. म्हणजे वाजवताना आपण नेहमी ओळखीच्या मुलखाकडे निघालेलो असतो. आणखी वाजवावेसे वाटत असतानाच उठा. हेडफोन काढून टाका.

हेडफोन काढला आणि आठवड्याभरात स्वयंपाकघरातून तीच चाल गुणगुणल्याचे ऐकू आले. मी जिथे हटकून अडखळे, तिथे सौ.ही अडखळत होती! माझी चूक तिने चालीतच धरली होती. तिच्यासाठी म्हणून मी ती जागा दुरुस्त केली. वहीसाठी केली नसती.

गेल्या दिवाळीत मुलगी माहेरपणाला आली. फराळाचे ताट हातात घेऊन ती पियानोपाशी उभी राहिली आणि तिथे पडलेली माझी वही उलटू लागली. बराच वेळ काही बोलली नाही.

‘पंचेचाळीस मिनिटं?’ ती म्हणाली. ‘बाबा, मला अर्धाच तास होता.’

मला काहीतरी बोलायचे होते. शब्द जुळेनात. तिने ताट बाजूला ठेवले, चकलीची बोटे पदराला पुसली आणि खुर्ची ओढून माझ्या डावीकडे बसली.

‘डाव्या हाताचं मी वाजवते. कुठून सुरू करायचं?’

‘शेवटून,’ मी म्हणालो.

त्या सकाळी चहा दोनदा निवला. किती वेळ बसलो होतो, कोण जाणे.