आबांचे रूळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यात माझ्या आजोबांनी ३८ वर्षे नोकरी केली. बाबांनी २० वर्षांत पाच नोकऱ्या आणि चार शहरे बदलली. सुट्टीत दुर्गच्या घरी दोघे एकत्र आले की वाद ठरलेला. "एका जागी टिकलो म्हणून तुला शिकवू शकलो," असे आबा म्हणत. "तुमचा काळ वेगळा होता," हे बाबांचे उत्तर.

मला आबांचीच बाजू पटे. कारखान्याचे क्वार्टर, कारखान्याचे हॉस्पिटल, ठरलेल्या दिवशी पगार. बाबांच्या मागे मी मात्र तीन शाळा बदलल्या. प्रत्येक वर्गात सुरुवातीचे दिवस शेवटच्या बाकावर गेले.

२०२० मध्ये बाबांची नोकरी गेली. आम्ही सात महिने दुर्गला राहिलो. आता आबा बाबांना चांगलेच सुनावणार, असे मला वाटले. पण एका संध्याकाळी ते एवढेच म्हणाले, "मीही एकदा सगळं सोडून निघालो होतो रे."

१९५८ मध्ये, विसाव्या वर्षी, आबा भंडाऱ्याजवळची शेती सोडून भिलाईला आले. तेव्हा तिथे कारखान्याचे बांधकाम चालू होते आणि रशियन इंजिनिअर होते. घरच्यांना हे धाडस मान्य नव्हते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले, तेव्हा आबा गर्दीत मागे उभे होते. खलाशी म्हणून लागले आणि पुढे रेल मिलमध्ये एकेक यंत्र शिकत गेले. १९९६ मध्ये निवृत्त झाल्यावर क्वार्टर मात्र रिकामे करावे लागले.

त्या सात महिन्यांत बाबा रोज आठ वाजता अंघोळ करून टेबलाशी बसत आणि नवे काम शिकत. आबा न बोलता चहा नेऊन ठेवत. वाद तेव्हापासून थांबला.

आता मी बारावीत आहे. हॉस्टेलमध्ये आमचाही तसाच वाद चालतो. पर्मनंट कमिशन बरे, की शॉर्ट सर्व्हिसची दहा वर्षे करून दुसऱ्या क्षेत्रात जावे? सैन्यात नोकरी एकच, पण दर दोन-तीन वर्षांनी गाव नवे. म्हणजे अर्धी वाट आबांची, अर्धी बाबांची.

गेल्या दिवाळीनंतर आबा मला दुर्ग स्टेशनवर सोडायला आले होते. रुळाच्या बाजूला कारखान्याचे नाव आणि वर्ष उठवलेले असते. त्यांना आता दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवले. ते हसले. "मी इथंच राहिलो. रूळ मात्र कुठं कुठं गेले!"

राहायचे की निघायचे, हे त्या त्या वेळी ठरेल. पण नवे काम समोर आले तेव्हा आबा आणि बाबा दोघेही शिकायला बसले. तेवढी सवय मला या शाळेतून सोबत न्यायची आहे.

— एक कॅडेट, इयत्ता बारावी