तीस मोहिमा आणि एक शिक्का

लँकॅस्टर विमानाविषयी बोलताना आपण बहुधा चार इंजिने आणि बॉम्बचे वजन यांतच रमतो. मला मात्र गेले काही दिवस तीन अक्षरांनी अस्वस्थ केले आहे : एलएमएफ, म्हणजे 'लॅक ऑफ मोरल फायबर'. 'नैतिक धैर्याचा अभाव' हा त्याचा शब्दशः अर्थ. पण ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या तळांवर त्याचा जो अर्थ घेतला जाई, तो आपल्याकडच्या 'भेकड' या शब्दात अधिक नेमका उतरतो.

हा शिक्का कोणावर बसे? या विमानांतून उडणारे सगळे स्वेच्छेने आलेले होते. ३० मोहिमा झाल्या की एक पर्व संपे. मग काही महिने प्रशिक्षकाचे काम आणि पुढे दुसरे पर्व. सुमारे १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गकडे निघालेल्या ७९५ विमानांपैकी ९५ परतलीच नाहीत. शेकडा बारा, तेही एका रात्रीत!

शेपटाकडच्या गनरचा विचार करा. त्याच्या बुरुजात पॅराशूट ठेवण्याइतकीही जागा नसे. ते पाठीमागे विमानाच्या धडात टांगलेले असे. नजरेआड काही राहू नये म्हणून कित्येकांनी समोरचे पारदर्शक आवरणच काढून टाकले होते आणि हाडे गोठवणाऱ्या वाऱ्यात ते तासन् तास अंधार न्याहाळत बसत. असा विशीतला मुलगा अठराव्या मोहिमेनंतर 'आता माझ्याने होत नाही' म्हणाला, आणि वैद्यकीय कारण सापडले नाही, तर छातीवरचे उड्डाणचिन्ह काढून त्याला तळावरून तातडीने हलवले जाई. भीतीची लागण होऊ नये, हा हेतू. शिक्का बसलेले थोडेच होते. त्याच्या धाकाने पुन्हा विमानात चढलेले किती, याची मोजदाद कोण करणार?

धाकाखेरीज आणखी एक बंधन होते, आणि मला ते अधिक बळकट वाटते. प्रशिक्षणकाळात या मुलांना एका हँगरमध्ये एकत्र सोडून 'आपापले सोबती निवडा' असे सांगत. पुढे सात जणांचा संच पुरा होई. स्वतः निवडलेल्या सोबत्यांना अनोळखी माणसाच्या भरवशावर सोडून मागे राहणे सोपे नसते.

मात्र त्या शिक्क्यातला 'नैतिक' हा शब्द मला सतत खुपतो. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गच्या अग्निवादळात ३०,००० हून अधिक माणसे मेली, बहुतेक सामान्य नागरिक. वर उडण्यास नकार देणाऱ्याची नीती तपासली गेली; खाली पेटलेल्या वस्त्यांच्या संदर्भात तो शब्द कोणत्याही अर्जात नव्हता. नाझी राजवट पाडणे आवश्यक होते, हे मान्य करूनही मी हे म्हणतो आहे.

या दलाचे स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये उभे राहायला २०१२ साल उजाडले. छतासाठी बेल्जियममध्ये कोसळलेल्या एका हॅलिफॅक्स विमानाचे अॅल्युमिनियम वापरले आहे. खाली नुकतेच परतलेले सात वैमानिक कांस्यात उभे आहेत, आणि तिथल्या एका लेखात १९३९ ते १९४५ च्या बॉम्बवर्षावात बळी पडलेल्या सर्व राष्ट्रांतील लोकांचेही स्मरण केलेले आहे.