वानखेडेवरची हुर्यो

१५ डिसेंबर २०२३, शुक्रवार

मुंबई इंडियन्सचा कर्णधार आता हार्दिक पांड्या. पाच जेतेपदं मिळवून देणारा रोहित शर्मा पायउतार झाला. बातमी आली आणि रात्रीपर्यंत संघाच्या पानांवरून लाखो फॉलोअर निघूनही गेले. ठाण्याहून ओमचा फोन आला तेव्हा तो रडत होता. नववीतला पोरगा, रोहितच्या नावाने इन्स्टाग्रामवर पेज चालवतो. ‘मावशी, आमच्यावर अन्याय झाला,’ म्हणाला. निर्णय मलाही पटलेला नाही. पण ‘रोहितवर’ न म्हणता ‘आमच्यावर’ म्हणाला, ते कानात राहिलं.

२४ मार्च २०२४, रविवार

अहमदाबादला गुजरातविरुद्धच्या सामन्यात हार्दिक नाणेफेकीला आला आणि अख्ख्या मैदानाने हुर्यो उडवली. याच मैदानावर २०२२ मध्ये त्याने गुजरातला पहिल्याच मोसमात विजेतेपद मिळवून दिलं होतं. मध्येच मैदानात एक कुत्रं शिरलं, तर प्रेक्षक ‘हार्दिक, हार्दिक’ ओरडायला लागले. मुंबई ६ धावांनी हरली आणि मुंबईचेच म्हणवणारे कितीतरी लोक ऑनलाइन आनंद साजरा करत होते. आपला संघ हरल्याचा आनंद! इतकी वर्षं क्रिकेट बघते आहे, हे कधी पाहिलं नव्हतं.

ओमकडून कळलं की त्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर सगळं आधीच ठरतं. कुठला हॅशटॅग, किती वाजता, कोणती क्लिप. सगळ्यांनी एकाच वेळी टाकलं की ट्रेंडिंगमध्ये वर येतं. रोहितचे चाहते विराट कोहलीच्या आकडेवारीतल्या खोडी काढतात, विराटचे चाहते रोहितच्या पोटावर बोलतात, त्याला ‘वडापाव’ म्हणतात. हार्दिकला ‘छपरी’. दोन्हीकडचे एकमेकांच्या खेळाडूचं यश ‘पेड पीआर’ ठरवतात. त्यात पैसाही आहे. गेल्या वर्षीपासून एक्सवर निळी टिक विकत घेतलेल्या, ५०० फॉलोअर आणि तीन महिन्यांत ५० लाख इम्प्रेशन्स असलेल्या खात्यांना जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळतो. सुंदर कव्हर ड्राइव्हच्या क्लिपखाली लोक लाइक करून पुढे जातात. शिवी घातली की दोन्ही बाजूंचे भांडायला येतात, आणि जिथे भांडण तिथे इम्प्रेशन्स. म्हणजे ओमसारख्या पोरांचा राग कुणाच्या तरी हातखर्चाची सोय होतो.

३१ मार्च, रविवार

कोल्हापूरहून आलेल्या बातमीने जेवण गेलं नाही. बुधवारी हैदराबादने मुंबईविरुद्ध २७७ धावा ठोकल्या, आयपीएलमधला विक्रम. कोल्हापूरजवळच्या एका गावात लोक तो सामना एकत्र बघत होते. रोहित बाद झाला. साठी ओलांडलेले, चेन्नईचे चाहते असलेले एक शेतकरी म्हणाले, आता मुंबई कशी जिंकणार? एवढंच. मुंबईच्या दोघा चाहत्यांनी त्यांच्या डोक्यात फळी घातली. काल ते गेले.

हे पहिलं नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये धोनी निवृत्त झाला, आठवड्याभरात रोहितला खेलरत्न जाहीर झालं, आणि कुरुंदवाडमध्ये फलक फाडण्यावरून एका धोनीवेड्याला उसाच्या फडात नेऊन मारहाण केली. सेहवागने तेव्हा चाहत्यांची कानउघाडणी केली होती: खेळाडूंचं एकमेकांशी जमतं, नाहीतर ते आपल्या कामाशी काम ठेवतात, तुम्ही काय करताय? ऑक्टोबर २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या अरियालूर जिल्ह्यात विराटच्या चाहत्याने रोहितच्या चाहत्याचा, आपल्याच मित्राचा, जीव घेतला.

अरियालूरच्या बाबतीत त्यानंतर जे झालं ते मला खुनाइतकंच भयंकर वाटतं. देशभर विराटला अटक करा असा हॅशटॅग ट्रेंड झाला. एका घरातला तरुण मुलगा गेलेला, आणि ती बातमी दुसऱ्या बाजूवर गुण मिळवायला वापरली गेली. आज कोल्हापूरच्या बातमीखालीही तेच चाललंय. मुंबईचे चाहते असेच, चेन्नईचे तसेच. त्या शेतकऱ्यासाठी दोन ओळी लिहिणारे शोधावे लागले.

सगळा दोष मोबाइलवर ढकलून मोकळं होता येणार नाही. फळी मोबाइलने उचलली नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ समोरच्याला माणूस न मानण्याचा सराव होत असेल, तर तो फक्त पडद्यापुरता कसा राहील?

१ एप्रिल, सोमवार

ओमला घेऊन वानखेडेवर मुंबई-राजस्थान सामन्याला गेले. मुद्दाम नेलं. नाणेफेकीला समालोचक संजय मांजरेकरांनी हार्दिकचं नाव घेतलं आणि स्टेडियम गरजलं. मांजरेकरांनी प्रेक्षकांना माइकवरून नीट वागायला सांगितलं, तर आवाज आणखी चढला. या मैदानावर प्रतिस्पर्ध्याच्या शतकालाही उभं राहून टाळ्या पडताना मी पाहिल्या आहेत.

रोहित पहिल्याच चेंडूवर बाद. राजस्थानच्या बोल्टने त्याच्यासह तिघांना पहिल्या चेंडूवर परत पाठवलं. नंतर राजस्थानच्या डावात रोहित सीमारेषेजवळ उभा होता, हुर्यो सुरूच होती, आणि त्याने प्रेक्षकांकडे हात करून थांबा अशी खूण केली. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय म्हणतात, तोच नको म्हणत होता. आमच्या मागचा एक जण म्हणाला, ‘साहेबांना तसं करावंच लागतं रे, आतून त्यांना पण बरंच वाटत असणार.’ म्हणजे रोहितचं मन आता रोहितपेक्षा यांना जास्त कळतं.

ओम ओरडत नव्हता. थांबवतही नव्हता.

११ एप्रिल, गुरुवार

आज विराटनेही रोहितसारखीच प्रेक्षकांना थांबायची खूण केली. बंगळूरुकडून खेळताना, वानखेडेवर, हार्दिकसाठी. तो भारताचा खेळाडू आहे अशी आठवण त्याने लोकांना करून दिली. विराटला या जमावाचं रूप कळतं. २०२१ मध्ये दुबईत भारत पाकिस्तानकडून हरल्यावर गोलंदाज मोहम्मद शमीला धर्मावरून शिव्या पडल्या, विराट त्याच्या पाठीशी उभा राहिला, तर त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीला बलात्काराची धमकी आली. त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या एका उच्चशिक्षित तरुणाला पकडलं होतं.

३० एप्रिल, मंगळवार

रोहितचा वाढदिवस. ओमच्या पेजवर कॉमन डीपी, व्हिडिओ एडिट, लहानपणीचे फोटो. फार मेहनत घेतलेली, आणि खरंच सुंदर. बोरिवलीत काकांकडे वाढलेला पोरगा भारताचा कर्णधार झाला, या गोष्टीचं प्रेम वाटणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जुळणारं एकतर्फी नातं पहिल्यांदा नीट मांडलं. त्या नात्यात आधार असतो, एकटेपणात सोबत असते. ओमचे बाबा वर्षातले आठ महिने जहाजावर असतात. रोहितची मुलाखत तो जेवताना लावतो, हे मी पाहिलंय.

मला भांडायचंय ते या प्रेमाशी नाही. प्रेम सिद्ध करायला दुसऱ्या कुणाला तरी तुडवावंच लागतं, हे ज्यांनी त्याच्या डोक्यात भरलं, त्यांच्याशी आहे.

२९ जून, शनिवार

बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा मी किंचाळले. भारत ७ धावांनी जिंकला. हार्दिक रडत होता. रोहितने त्याच्या गालाचं चुंबन घेतलं.

४ जुलै, गुरुवार

विश्वविजेत्या संघाची मिरवणूक. मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती. वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’. तीन महिन्यांपूर्वीचंच मैदान. लोक म्हणतात त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली. मला हे पटत नाही. मिलरचा झेल सुटला असता तर? माणसासारखं वागवलं जाण्यासाठी विश्वचषक जिंकून द्यावा लागत असेल, तर इतके महिने सोसलेलं त्याने का विसरावं? ओमने हार्दिकवरची जुनी मीम्स काढून टाकली. सगळ्यांनीच काढली, म्हणाला.

१८ जुलै, गुरुवार

एकाच दिवशी दोन बातम्या. भारताच्या टी-ट्वेंटी संघाचं कर्णधारपद हार्दिकऐवजी सूर्यकुमारला. आणि हार्दिक व त्याची बायको नताशा वेगळे होत असल्याचं दोघांनी जाहीर केलं, खासगीपणा जपू द्या अशी विनंतीही केली. मार्चमध्ये हार्दिकला शिव्या देणारेच आता त्याच्यावर अन्याय झाल्याचं लिहिताहेत, आणि नताशाच्या फोटोंखाली जे लिहिताहेत ते इथे उतरवणार नाही. घटस्फोटाची कुजबुज मे महिन्यात सुरू झाली तेव्हापासून बाईचं पान असंच भरतंय. दोघांना एक लहान मुलगा आहे. उद्या तो वाचायला शिकेल.

ओमला फोन केला. ‘मी काहीच लिहिलं नाही, मावशी. फक्त लाइक केलं.’ काय लाइक केलंस ते मोठ्याने वाच म्हटलं. दुसऱ्या वाक्याला अडखळला. काढ म्हटलं, त्याने काढलं. मग जरा वेळाने विचारलं, रोहित आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतून निवृत्त झाला, आता पेजवर टाकू काय? म्हटलं, सप्टेंबरात बांगलादेश येतंय, चेन्नईला कसोटी आहे. पाचही दिवस बघ, आणि बघितलंस तेच लिही. अश्विनबद्दलसुद्धा.