ऐकू येतं, पण कळत नाही

वय झालेल्या आम्हा माणसांची एक तक्रार ठरलेली असते : ऐकू येतं, पण कळत नाही. शांत खोलीत एकाशी एक बोलताना काही अडत नाही. मंगल कार्यालयात पंगत बसली, सनईची रेकॉर्ड, वाढप्यांची लगबग आणि चहूबाजूंच्या गप्पा सुरू झाल्या, की शेजारच्याचं बोलणं कानावर पडूनही पुरतं उमगत नाही. मग कानाची तपासणी होते, आलेख वयाच्या मानाने ठीक निघतो आणि तक्रारीत फारसं तथ्य नाही असं घरात ठरून जातं. माझ्या मते तक्रार खरी असते आणि तपासणीही चोख असते, फक्त ती दुसऱ्याच गोष्टीची असते. बंद खोलीत हेडफोनमधून वाजवलेला बारीक सूर ऐकू येतो का, एवढंच तिथे मोजलं जातं. गोंगाटातून एकाच माणसाचा आवाज वेगळा काढून त्याचा अर्थ लावणं हे काम बरंचसं मेंदूचं असतं.

म्हातारपणी कान जातातच, त्यात मेंदूला कशाला ओढायचं, असं कोणी म्हणेल. कानाचा वाटा मी नाकारत नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे ध्वनी मावळतात आणि ‘स’सारख्या व्यंजनांची ओळख त्याच पट्टीत असते. पण 2016 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात प्रेसाको, सायमन आणि अँडरसन यांनी तिशीच्या आतले तरुण आणि 61 ते 73 वयाची माणसं यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांची श्रवणतपासणी सर्वसाधारण होती. तरीही गोंगाटातलं बोलणं समजण्यात ज्येष्ठ मागे पडले. त्यांच्या मध्यमेंदूतले बोलण्याला मिळणारे प्रतिसाद क्षीण होते आणि त्यापुढच्या कॉर्टेक्समधले, म्हणजे मेंदूच्या बाह्य थरातले, प्रतिसाद उलट वाजवीपेक्षा मोठे होते, अगदी शांततेतसुद्धा. त्या अभ्यासातली माणसं थोडी होती हे खरं. पण प्राण्यांवरच्या संशोधनातही याला जुळणारं चित्र दिसतं, की नको असलेले संदेश दाबणारी मेंदूतली रसायनं वयाबरोबर कमी पडतात. लगाम सैल झाला की हवं आणि नको ते एकत्रच आत शिरतं. म्हणूनच आमच्याशी ओरडून बोलण्याचा उपयोग होत नाही. साधं श्रवणयंत्रही बोलण्यासोबत भोवतालचा कलकलाट मोठा करतं. यंत्र वापरूच नये असं मी म्हणत नाही, ते जरूर लावावं, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो आणि तो जास्त लागतो : “त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!” यात जे दिसतं ते खरं आहे, निष्कर्ष तेवढा चुकीचा. ओळखीचा आवाज, ओळखीचा विषय, अर्धं वाक्य कळलं की उरलेलं जुळवता येणं, या आधारांवर वयस्कर मेंदू तरुणांहून अधिक विसंबतो. म्हणून घरातलं नाव किंवा नेहमीचा विषय चटकन पकडला जातो, तर नव्या माणसाने सांगितलेला नवा पत्ता निसटतो. कॅनडात पिचोरा-फुलर आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं, की गोंगाटात ऐकलेले शब्द ओळखता आले तरी त्यातले लक्षात कमी राहतात. ओळखण्यातच शक्ती खर्ची पडते, साठवायला उरत नाही. समारंभाहून परतल्यावर येणारा थकवा आणि पुढे जाणंच टाळण्याची वृत्ती यांचं मूळ मला इथे दिसतं. त्याला विसराळूपणा किंवा हेकेखोरपणा म्हणणं अन्यायाचं आहे, आणि त्या अन्यायाने माणूस हळूहळू गप्प होत जातो.

मग चार म्हाताऱ्यांसाठी सगळ्यांनी आवाज कमी करायचा का? हो, आणि ते तरुणांच्याही हिताचं आहे. कुजावा आणि लिबरमन यांनी 2009 मध्ये उंदरांना मोठ्या आवाजात ठेवलं. त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी कानातल्या पेशी आणि श्रवणचेतातंतू यांच्या जोडण्या काही भागात निम्म्यापर्यंत कायमच्या गेल्या. माणसाबाबतचा पुरावा अजून अप्रत्यक्ष असला, तरी डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणाऱ्या मुलांसाठी सावध होण्याइतका तो मला पुरेसा वाटतो. देशात 2000 सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीच्या रस्त्यावर उभं राहिलं की त्या मर्यादेचं काय होतं ते कळतं. घरात मात्र कायद्याची वाट पाहावी लागत नाही. टीव्ही बंद करावा, समोर येऊन ओठ दिसतील असं बोलावं, एका वेळी एकानेच बोलावं, आणि कळलं नाही तर तेच शब्द मोठ्याने म्हणण्यापेक्षा वाक्य बदलून सांगावं.

तपासणीही बदलता येईल. गोंगाटात उच्चारलेले आकडे ओळखण्याची चाचणी नेदरलँड्समध्ये 2003 मध्ये साध्या टेलिफोनवर सुरू झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं मोबाइल अ‍ॅपही तीच पद्धत वापरतं. एक ते नऊ मराठीत ऐकवून ती आपल्या जिल्हा रुग्णालयांत नेहमीच्या तपासणीचा भाग व्हायला हवी. म्हणजे आलेख ठीक आला तरी तक्रारीची नोंद होईल.