पाठीवरचे बिऱ्हाड

युरोप म्हटले की आपल्याकडे लाखांचीच भाषा निघते. आमचा पुतण्या हॉलंडातल्या वाखेनिंगेनच्या शेतकी विद्यापीठात शिकतो. सुटीत तो पाठीवर पिशवी टाकून कोलोन, पॅरिस पाहून आला. हे कळताच आमचे थोरले बंधू तापले. "हळद इकून पोराला शिकाया धाडलं, अन् ह्यो गावं बघत फिरतुया!"

राग खोटा नव्हता. दोन वर्षांच्या हळदीचे पैसे त्या शिक्षणात गेलेत. मी पुतण्याकडून हिशेब मागवला. प्रवास रात्रीच्या बसने, म्हणजे मुक्कामाचे भाडे वाचले. एरवी एका खोलीत आठ खाटा, त्यातली एक आपली. खाणे दुकानातला पाव, दूध, अंडी. पाणी नळाचे, तिथे ते बेलाशक प्यावे. कोलोनच्या चर्चच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या, त्या पायीच चढायच्या. पॅरिसचे लूव्हर संग्रहालय तर युरोपात वास्तव्य असलेल्या २६ वर्षांखालच्या तरुणांना फुकट.

वहिनी म्हणाल्या, "ही तर वारीच की!" लोणंदच्या तळावर त्या याहून दाटीत झोपल्या आहेत.

मी महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांची आठवण दिली. जमखंडीचा हा माणूस सयाजीराव महाराजांच्या मदतीने १९०१ साली ऑक्सफर्डला गेला, पण वर्गातच बसून राहिला नाही. १९०३ साली ॲमस्टरडॅमच्या धर्मपरिषदेत निबंध वाचून आला, आणि १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन काढले. पुढे आपल्या वाईतही त्यांनी काम केले.

बंधूंनी हिशेबाचा कागद दोनदा वाचला. म्हणाले, "समदं लिवलं, पर तिकडं रानात काय पिकतं ते न्हाई लिवलं. इचार त्याला."