मधल्या वेळचा डाव

इंदूरच्या पोलोग्राउंडमध्ये वीज कंपनीची कचेरी आणि भोवती जुने कारखाने. त्यामुळे आमच्या खेळगड्यांची सुट्टी एका वेळी होतच नाही. 'कटान' या पटावरच्या मोठ्या खेळासाठी चौघे ठरलेले असतात. दोघे येऊन बसतात, तिसरा रस्त्यात आणि चौथा पाळी सोडायच्या बेतात. तेवढ्या वेळापुरता खेळ निवडणे मला मोठ्या खेळापेक्षा अवघड वाटते.

लोक डब्यावर छापलेली मिनिटे बघतात. मी एकच गोष्ट बघतो: खाली गेलेले पान परत हातात येते का?

झब्बू घ्या. उतारीच्या रंगाचे पान नसले की दुसरे भारी पान टाकायचे आणि त्या रंगात ज्याचे पान मोठे, त्याने सगळे उचलायचे. सुटत आलेला माणूस पुन्हा ओंजळभर पाने घेऊन बसतो. गंमत त्यातच आहे, पण शेवटच्या दोघांचे काही केल्या संपत नाही आणि सुटलेले नुसते बघत बसतात. ओहायोतल्या मर्ल रॉबिन्स या न्हाव्याने १९७१ मध्ये काढलेल्या 'उनो'चीही तीच गत: गड्डी संपली की टाकलेलीच पाने पिसून पुन्हा ओढायची. सापशिडीबद्दल तर बोलायलाच नको.

बदाम सातमध्ये लागलेले पान लागले. बावन्न पाने लावून झाली की डाव संपलाच, बहुधा त्याआधीच. वर चौकटची सत्ती दाबून ठेवून समोरच्याला तळमळत ठेवायची सोय आहेच.

याच जातीचा माझा सर्वांत लाडका खेळ म्हणजे तोर्स्टेन गिम्लर यांचा 'नो थँक्स', २००४ चा. ३ ते ३५ आकड्यांची पाने. त्यातली नऊ न बघता बाजूला, उरली चोवीस. आकडा म्हणजे दंड. उघडलेले पान घ्या, नाहीतर एक टिकली त्यावर ठेवून पुढच्याच्या गळ्यात मारा. पान घेणाऱ्याला साचलेल्या टिकल्या मिळतात आणि प्रत्येक टिकली एक गुण दंड कमी करते. मात्र लागोपाठच्या आकड्यांत फक्त सर्वांत लहान मोजतात. माझ्याकडे २७ असेल तर २८ मला फुकट, इतरांना जहर. मग ते लगेच कशाला घ्यायचे? एक फेरी फिरू द्यायची, टिकल्या साचू द्यायच्या. पण एखाद्याच्या टिकल्या संपल्या की त्याला ते घ्यावेच लागते आणि आपला हावरटपणा आपल्याच अंगाशी येतो. समजावायला दोन मिनिटे पुरतात, भांडायला पुढचा आठवडा.

डबा विकत घ्यायलाच हवा असे नाही. पुठ्ठ्याच्या ३३ चिठ्ठ्या आणि चिंचोके, तिघांपासून पाचांपर्यंत प्रत्येकी अकरा, एवढ्यावर भागते. इंदुरात तर तेच बरे. पोहे-शेव समोर आली की हात जिरावण मसाल्याचे होतात, आणि परदेशी पत्त्यांवरचा हळदीचा डाग काही निघत नाही; चिठ्ठी मात्र नवी करता येते.